पान चौदावरची काठी

त्यांना सगळे काठीसाहेब म्हणायचे. तोंडावर नुसतं साहेब, पाठ वळली की काठीसाहेब, आणि ओळख फार जुनी असली तर तोंडावरसुद्धा काठीसाहेब. त्यांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही. उलट मनातल्या मनात बरंच वाटायचं, कारण ती काठी त्यांची स्वतःची होती, कुणाकडून उसनी आणलेली नव्हती.

खातं सरकारी, हुद्दा सल्लागार. पण काम काय, हे कुणाला सांगायचं म्हटलं की त्यांची पंचाईत व्हायची. शेतकऱ्याच्या दारात जायचं आणि म्हणायचं, बाबा रे, सगळंच नांगरू नकोस. बांधावरचं झुडूप राहू दे, ओढ्याकाठचं गवत राहू दे, पाखरानं शेतात अंडी घातली तर तेवढा तुकडा पेरू नकोस. एवढं केलंस तर सरकार तुला अनुदान देईल, आणि कसं करायचं ते मी फुकट सांगेन. आता ज्याच्या तीन पिढ्या तण उपटण्यात खपल्या त्याला तण राखायला सांगायचं, म्हणजे काय खायचं काम आहे? पहिली काही वर्षं लोकांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, मान डोलावली आणि ते फाटकाबाहेर पडले की पोट धरून हसून घेतलं. घरी बायकोही सोडायची नाही. म्हणायची, "दिवसभर लोकांना काही करू नका म्हणून सांगत फिरता, मग दमता कशानं?"

काठीचं असं झालं. टिटवी घरटं बांधायच्या भानगडीत पडत नाही. उघड्या जमिनीत टाच रुतल्याएवढा खळगा, त्यात चार अंडी, मातीच्या रंगाची, ठिपक्याठिपक्यांची. पायाशी असली तरी दिसत नाहीत, मग ट्रॅक्टरवर बसलेल्याला काय दिसणार? नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, त्यांनी स्वतः शोधून वहीत लिहिलेल्या घरट्यावरून त्यांच्या डोळ्यांदेखत पेरणीयंत्र गेलं. चालक भला माणूस. ट्रॅक्टर थांबवून खाली आला, म्हणाला, "दिसलंच नाही हो साहेब." खरंच दिसलं नव्हतं. त्या दिवशी ते घरी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी कमरेएवढ्या बांबूच्या काठ्या तोडल्या, टोकांना पांढरा रंग लावला आणि मोटारसायकलला बांधून निघाले. घरट्याच्या अलीकडे दहा पावलांवर एक काठी, पलीकडे दहा पावलांवर दुसरी. पहिली दिसली की चालकानं वळसा घालायचा, दुसरी गेली की परत ओळीत यायचं. झालं. यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

घरटी वाचायला लागली. खात्याला एखादी गोष्ट पटायला सात वर्षं लागतात, ही सात महिन्यांत पटली. शेतकऱ्यांना वाटायच्या पुस्तिकेत काठीला अख्खं पान मिळालं, पान चौदा. चित्र त्यांनीच काढलं, घरच्या जेवणाच्या टेबलावर, मुलीच्या रंगपेन्सिली घेऊन. टिटवी जरा जाडच झाली. बायको बघून म्हणाली, "ही उडणार नाही, जेवून सुस्तावलीय." चित्राखाली तीन सूचना होत्या, त्याही त्यांच्याच. तिसरी अशी की पिल्लं बाहेर पडेपर्यंत काठ्या जागच्या हलवू नयेत. ती का घातली, तर एकानं पेरणी झाल्याझाल्या काठ्या उपटल्या आणि आठवड्यानं कोळपायला यंत्र घातलं, चार अंडी मातीत गेली. म्हणून ती ओळ. लक्षात ठेवा ही ओळ, पुढे तीच त्यांच्या बोकांडी बसणार आहे.

तर काकू. काकूंचं खालच्या अंगाला ओढ्याजवळ सपाट शेत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, शेत दिराबरोबर सामाईक, ट्रॅक्टर दीर चालवायचे. काठीसाहेब पहिल्यांदा गेले तेव्हा काकूंनी त्यांना उंबऱ्याबाहेरच उभं केलं होतं. "पाखरांसाठी जमीन सोडायची? लोक म्हणतील म्हातारीला चळ लागला." दीर अनुदानाचं ऐकून पुढे झाले. ते सरळ बोलणारे. म्हणाले, "वहिनी, अनुदानाचा कागद आहे तोवर पाखरं राहू देत. कागद गेला की मी सगळं पेरणार. मला पाखरांशी वैर नाही आणि सोयरीकही नाही."

पण पहिल्याच वर्षी काकूंनी पिल्लू पाहिलं. अंड्यातून बाहेर येऊन तासभर झाला नाही तोच काडीसारख्या पायांवर तुरुतुरु पळणारं पिल्लू. संपलं. त्यानंतर त्या काठीसाहेबांच्याही वरताण झाल्या. कुत्र्याला त्या दिवसांत साखळी. शेतातून जाणारी पायवाट बंद. घरटी किती, अंडी किती, कुठलं आधी घातलेलं, सगळं तोंडपाठ. काठ्या रोवायला त्या स्वतः पुढे, पावलं मोजत, अकरावं पडलं की मागे येऊन पुन्हा मोजणार. काठीसाहेबांना इतर शेतकऱ्यांना काही दाखवायचं असलं की ते काकूंच्याच शेतावर आणायचे. अकरा घरटी होती एका वर्षी. अकरा.

मग आठ झाली. मग सहा. काठीसाहेब म्हणाले, ऊन फार आहे. पुढच्या वर्षी म्हणाले, मांजरं वाढलीत. त्याच्या पुढच्या वर्षी काही म्हणाले नाहीत. अंडी नाहीशी व्हायची, काठ्या मात्र ताठ उभ्या. गेल्या वर्षी सहाच्या सहा गेली, एक पिल्लू म्हणून निघालं नाही. आणि त्याच वर्षी काकूंचा फोन आला. "साहेब, जरा येऊन जा. मला दिसलंय ते खरं की खोटं, तुम्ही बघा."

काकू आवाज न करता त्यांना गोठ्याच्या भिंतीआड घेऊन गेल्या. तेव्हा सहातलं एक शेवटचं घरटं उरलं होतं. थोड्या वेळानं कावळा आला. सरळ अलीकडच्या काठीवर बसला. मान वाकडी करून त्यानं पलीकडची काठी पाहिली. मग खाली उतरून चालायला लागला, एका काठीकडून दुसरीकडे, नाकासमोर, जसा दीर ओळीतून ट्रॅक्टर नेतात तसा. टिटव्या दोन्हीही त्याच्यावर तुटून पडल्या, ओरडून ओरडून आकाश डोक्यावर घेतलं. तेवढ्यात दुसरा कावळा आला आणि पलीकडच्या काठीवर बसला. त्याला तर काही घाईच नव्हती.

"चोराला घर दाखवल्यासारखं झालं हे," काकू म्हणाल्या. त्या चिडून बोलल्या नाहीत. "तुम्हाला कसं कळणार होतं. मला तरी कुठे कळलं."

काठीसाहेब तिथेच गोठ्याच्या पायरीवर बसले. किती शेतांत आपल्या काठ्या आहेत याचा हिशोब त्यांच्या डोक्यात आपोआप सुरू झाला आणि थांबवता येईना. जिथे जिथे पान चौदा गेलं तिथे तिथे. कावळ्यानं एकदा शिकून घेतलं की तो पोरांना शिकवतो, हे तेच लोकांना सांगत फिरायचे, व्याख्यानात, हशा पिकवायला.

त्याच आठवड्यात त्यांनी चार पानी पत्र लिहिलं आणि कार्यालयात वरिष्ठ बाईंच्या टेबलावर ठेवलं. लोखंडी कपाटं, कपाटांवर पुस्तिकांचे गठ्ठे, आणि प्रत्येक गठ्ठ्यात ती जाड टिटवी. बाई वयानं लहान, पण माणूस समजूतदार. पत्र पूर्ण वाचलं, मधे फोन वाजला तो उचलला नाही. मागणी साधी होती. काठ्या पेरणीच्या दिवसापुरत्या रोवाव्यात आणि संध्याकाळी काढाव्यात. एका ओळीचा बदल.

"मला पटतंय," बाई म्हणाल्या. "पण वर पाठवलं की ते काय म्हणतील ते ऐका. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं म्हणतील. पुरावा द्या म्हणतील. तीस शेतं, तीन हंगाम, अर्धी काठ्यांसह, अर्धी काठ्यांशिवाय."

"मग करू या ना."

"काठ्यांशिवाय शेत योजनेत बसत नाही. योजनेत नाही ते आपण मोजू शकत नाही."

हे सांगताना बाईंनी नजर चुकवली नाही, हीच काय ती माणुसकी.

"आणि काठ्या काढल्या तर?"

"पाहणीवाले दोनदा येतात. एकदा कळवून, एकदा न कळवता. दोन्ही वेळा घरटं आणि काठी एकाच फोटोत हवी. नसेल तर घरटं नव्हतंच असं धरतात." बाईंनी पुस्तिका उघडली आणि पान चौदावर बोट ठेवलं. "नियम तुमच्याच ओळीवरून केलाय, साहेब. हलवू नयेत."

पत्र वर गेलं. सरकारी काम, सहा महिने थांब म्हणतात. इथे नऊ झाले. मग एक पोच आली की आपली सूचना पुढील आवृत्तीच्या वेळी विचारार्थ ठेवण्यात येईल. आवृत्ती पाच वर्षांनी निघते, आणि मागची निघून जेमतेम वर्ष झालं होतं. तोपर्यंत टिटव्यांनी काय करायचं, हे त्या पोचेत नव्हतं.

यंदा काकूंच्या शेतात चार घरटी आली. चारच.

काकूंनी डोकं चालवलं. "आपण शंभर काठ्या रोवू या. सगळ्या शेतभर. बसू देत कावळे कुठे बसायचं तिथे." काठीसाहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी बायकोला फोन करून सांगितलं. संध्याकाळी नियम चाळताना सापडलं: काठ्या आणि घरटी यांचा मेळ बसला नाही तर खोटी माहिती समजून शेतकऱ्याचं नाव कायमचं काढावं. कायमचं. कुणीतरी अनुदानासाठी रिकाम्या शेतात काठ्या रोवल्या असणार, त्याची ही शिक्षा. लबाडी एकानं करायची आणि पाय दुसऱ्याचा अडकायचा.

"मग नकोच काठ्या," काकू म्हणाल्या. "जाऊ दे तो कागद."

दीर बाजूलाच वंगण लावत होते. त्यांनी हात पुसले. "वहिनी, मी आधीच सांगितलंय. कागद गेला तर मी उद्या पेरणार. सगळं. मलाही वर्ष काढायचंय." ते खलनायक नव्हते. खरंच वर्ष काढायचं होतं त्यांना.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. काठ्या लावल्या तर कावळे, नाही लावल्या तर ट्रॅक्टर. काठीसाहेबांनी दोन दिवस विचार केला, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुठलाच सल्ला सुचला नाही. तिसऱ्या दिवशी पाहणीवाला येणार होता. त्या सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं आठ काठ्या रोवल्या. काकू पावलं मोजत होत्या, पण या वेळी चुकलं तरी मागे येत नव्हत्या. ओढ्याकाठच्या झाडावर तीन कावळे बसलेले, शांत. पाहणीवाल्यानं चार फोटो काढले, टॅबवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "इतकं नीटनेटकं काम फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतं. आता मी परत कधीही येईन हं, तेवढ्या काठ्या राहू द्या."

दुसऱ्या दिवशी ओढ्याकडचं घरटं गेलं. तिसऱ्या दिवशी दुसरं. फोनवर काकूंनी नुसतं एवढंच सांगितलं, "दोन उरलीत." काठीसाहेबांना त्या दिवशी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला एका शेतावर जायचं होतं, तिथेही काठ्याच बघायच्या होत्या. ते म्हणाले, "काकू, जरा लक्ष ठेवा. मी उद्या येतो." बोलायचं म्हणून बोलले. माणूस बोलतो तसं.

चौथ्या दिवशी ते पोचले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. लांबूनच टिटव्यांचा ओरडा ऐकू आला. फाटक उघडून आत गेले तर शेताच्या मधोमध, दोन घरट्यांच्या बरोबर मध्ये, उलट्या घातलेल्या पेटीवर काकू बसलेल्या. हातात छत्री, मांडीवर पाण्याची बाटली, शेजारी ढेकळांचा ढीग. डोक्यावर चारही टिटव्या घिरट्या घालून ओरडत होत्या, आणि काकू त्यांना समजावत होत्या, "अगं हो, हो, मी आहे ना इथे."

काठीसाहेब भराभर पुढे गेले.

"कधीपासून बसलात?"

"उजाडल्यापासून. तुम्ही म्हणालात ना लक्ष ठेवा. दोनदा आले मेले, दोन्ही वेळा ढेकळं मारून पिटाळले. एकसुद्धा खाली उतरू दिला नाही." त्यांचा चेहरा उन्हानं लाल झाला होता आणि त्यावर इतकं समाधान होतं की काठीसाहेबांना बघवेना.

माणूस जवळ असला की टिटवी अंड्यांवर बसत नाही. आणि टिटवी अंड्यांवर बसते ती नुसती ऊब द्यायला नव्हे. अशा उन्हात ती सावली धरायला बसते. सकाळपासून ती अंडी उघड्या जमिनीवर, उघड्या उन्हात पडली होती, आणि त्यांच्यापासून पंधरा पावलांवर काकू छत्रीखाली राखण करत होत्या. हे काठीसाहेबांना माहीत होतं. पान अकरावर होतंसुद्धा. पण काकूंना पुस्तिकेतलं एकच पान कधी लागलं होतं, चौदावं.

"चला, घरी जाऊन पाणी पिऊ," ते कसंबसं म्हणाले.

"आणि कावळे?"

"गोठ्याआडून बघू. चला तुम्ही."

ते दोघं गोठ्याच्या पायरीवर बसले, गेल्या वर्षी बसले होते तिथेच. टिटव्या हळूहळू खाली आल्या. जवळच्या घरट्याची मादी चालत चालत आली, थांबली, अंड्यांकडे पाहिलं. पंख फुलवून बसली. लगेच उठली. चोचीनं एक अंडं जरा सरकवलं, पुन्हा बसली, पुन्हा उठली. मग बाजूला जाऊन नुसती उभी राहिली. काठीसाहेबांनी सव्वीस वर्षांत हे किती वेळा पाहिलं होतं. अंडी उन्हानं गेली, हे कळायला त्यांना आणखी थांबायची गरज नव्हती.

काकू मात्र खूश होत्या. "बघा, आली की नाही? आणि चारही अंडी आहेत. कुणी नेली नाहीत." मग त्यांच्या आवाजात जरा शंका आली. "मी बसले म्हणून काही बिघडलं नाही ना साहेब? ती फार ओरडत होती."

काठीसाहेबांनी तोंड उघडलं. चांगल्यासाठी म्हणून करायला जावं आणि आपल्याच हातानं ते मारावं, हे कळल्यावर माणसाचं काय होतं ते त्यांना गेलं वर्षभर रोज सकाळी उठल्यावर आठवत होतं. या बाईला ते कशाला द्यायचं? ती अडुसष्ट वर्षांची होती आणि उजाडल्यापासून तिनं काही खाल्लं नव्हतं.

"नाही काकू," ते म्हणाले. "तुम्ही बसलात म्हणून वाचली."

"मग उद्याही बसते. पिल्लं निघेपर्यंत बसते, त्यात काय."

काठीसाहेबांनी पिशवीतून भेटीचा कागद काढला. तारीख लिहिली. घरटी दोन, काठ्या चार; गेलेल्या घरट्यांच्या काठ्या काकूंनी आधीच उपटल्या होत्या. शेवटचा रकाना होता, शेतकऱ्यास दिलेला सल्ला. ते पेन धरून बसून राहिले. इतक्या वर्षांत हा रकाना त्यांनी कधी रिकामा सोडला नव्हता. उलट जागा पुरायची नाही, ते समासात लिहायचे.

"बसू ना उद्या?" काकूंनी पुन्हा विचारलं.

नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागणार होतं. आणि आता बसल्या काय, न बसल्या काय.

"बसा," काठीसाहेब म्हणाले. "टोपी घालून बसा. ऊन फार आहे."

तेवढंच त्यांनी रकान्यात लिहिलं. मग कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि निघाले. फाटकाकडे जाताना कडेच्या घरट्याची एक काठी कलती झालेली दिसली. सवयीनं त्यांचा हात गेला, आणि ती सरळ करून, टाचेनं माती दाबून, ते पुढे चालू लागले.